संसदेत पेन्शनवर एवढी चर्चा होते, मग वडिलांचे १,०९७ रुपये का हलत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षं सूतगिरणीत होते, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून दरमहा १,०९७ रुपये पेन्शन मिळते. दर अधिवेशनात खासदार रोजगारावर, पीएफवर, किमान पेन्शनवर बोलतात, त्याचे व्हिडिओ फिरतात, पण पासबुकात आकडा तोच. मग या चर्चांचा कामगाराला काही उपयोग असतो का, आणि आपल्या खासदाराला पत्र लिहून काही होतं का?

दोन्हींचं उत्तर हो असं आहे. पण जे व्हिडिओ फिरतात, त्यात तो उपयोग सापडणार नाही. कामगार संघटनांच्या पीएफ-पेन्शन कक्षात बसून मी अनेक वर्षं हेच काम केलं आहे: दावे भरणं, पीएफ ऑफिसच्या सुनावण्यांना जाणं, आणि अधिवेशनाच्या तोंडावर खासदारांसाठी प्रश्नांचे मसुदे करणं. त्यातून एक सवय लागली. भाषण कितीही तळमळीचं असो, ते पैशाच्या नेमक्या कोणत्या तरतुदीला जाऊन भिडतं, एवढंच मी आधी बघतो.

कामगाराच्या बचतीबद्दलचे बरेचसे निर्णय संसदेत मतदानाने होतच नाहीत. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. त्यात फक्त सांगाडा आहे. कोणत्या पगारापर्यंत कपात सक्तीची, मधेच पैसे कधी काढता येतात, पेन्शनचा हिशेब कसा, हे सगळं योजनांमध्ये आहे, आणि योजना बदलते ती अधिसूचनेने, म्हणजे सरकारने राजपत्रात काढलेल्या आदेशाने. ती अधिसूचना नंतर सभापटलावर, म्हणजे सभागृहासमोर, ठेवली जाते. सदस्य हरकत घेऊ शकतात, पण पटलावर आलेला कागद किती जण उघडून बघतात ते तुम्हीच विचार करा. व्याजदराचं गणित आणखी वेगळं. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचं केंद्रीय विश्वस्त मंडळ दर सुचवतं आणि अर्थ मंत्रालय मान्यता देतं. २०२०-२१ चा ८.५ टक्के दर २०२१-२२ ला ८.१ वर आला आणि २०२३-२४ ला ८.२५ झाला, तो याच वाटेने.

हा फरक २०१६ साली दोन महिन्यांच्या आत दोनदा उघडा पडला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पीएफ काढताना ६० टक्के रकमेवर कर लावण्याचा प्रस्ताव आला. अर्थसंकल्प म्हटला की सगळ्यांचं लक्ष असतं. देशभर ओरड झाली आणि ८ मार्चला तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी लोकसभेतच तो प्रस्ताव मागे घेतला. पण त्याच्या आधी, १० फेब्रुवारीला, एक अधिसूचना निघाली होती: नोकरी सुटली तरी मालकाच्या वाट्याची रक्कम वयाची ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही. तिच्यावर एवढा गदारोळ झाला नाही. एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा ती बातमी झाली. १९ एप्रिलला कामगार मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी संसदेचं अधिवेशनही चालू नव्हतं.

त्या बायकांचं म्हणणं कुणी नीट ऐकलं असतं तर अधिसूचना निघालीच नसती. शिवणकामातली नोकरी पाच-सात वर्षं टिकते. ती सुटली की मुलीचं लग्न, घराचं डिपॉझिट, आजारपण, सगळ्याला हाताशी एकच रक्कम असते, ती म्हणजे फंड. म्हातारपणासाठी पैसा राखून ठेवावा हे तत्त्व बरोबर आहे. पण ज्याला मधल्या काळात बेकारी भत्ता नाही, त्याने फंडाला हात लावू नये हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने पुन्हा असाच निर्णय घेतला: खात्यात किमान २५ टक्के शिल्लक ठेवायची, आणि बेकारीत खातं पूर्ण बंद करून पैसे काढायची मुदत दोन महिन्यांऐवजी बारा महिने. मधेच पैसे काढायचे नियम सोपे केले, हे चांगलं झालं. मात्र कंत्राट संपलेल्या माणसासाठी बारा महिने फार होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. हाही निर्णय मंडळाच्या बैठकीतला, सभागृहातला नाही.

आता वडिलांच्या आकड्याकडे येऊ. वडिलांची पेन्शन ईपीएस-९५ मधली, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. तिचं सूत्र असं: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्यांचा शेवटचा सरासरी पगार ४,८०० धरला, तर ४,८०० गुणिले १६ भागिले ७०, म्हणजे १,०९७. हिशेब बरोबर आहे, पीएफ ऑफिसने काही कमी केलेलं नाही. या पेन्शनसाठी मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ४०० रुपये, पेन्शन फंडात जात होते, आणि केंद्र सरकारचा वाटा १.१६ टक्के, म्हणजे ५६ रुपयांच्या आसपास. आकडा ठरला तो २०१२ मध्ये, आणि तिथेच थांबला, कारण ही पेन्शन महागाई भत्त्याशी जोडलेली नाही.

१ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये झाली. केवढा गाजावाजा झाला होता. तुमच्या वडिलांना त्यातून एक रुपया मिळाला नाही, कारण ते आधीच सत्त्याण्णव रुपये वर होते. पण त्याच निर्णयाचा दुसरा परिणाम कुणी तुम्हाला सांगितला नसेल. पेन्शनरामागे पत्नीला पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. वडिलांच्या हिशेबाने ती ५४८ रुपये होते. किमान १,००० चा नियम विधवा पेन्शनलाही लागू असल्यामुळे आईंना उद्या १,००० मिळतील. म्हणजे एकाच घरात हा निर्णय एकाला शून्याचा आणि दुसऱ्याला साडेचारशे रुपयांचा. सरसकट 'सरकारने काही केलं नाही' किंवा 'सरकारने खूप केलं' असं म्हणणारं भाषण ऐकलं की मला हे घर आठवतं.

त्याच १ सप्टेंबर २०१४ ला पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली, ती अजून तिथेच आहे. आज कुणी १५,००० वर सोळा वर्षं भरली तरी सूत्राने ३,४२८ येतात. आणि त्या तारखेनंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याचा पगार १५,००० च्या वर असेल, तर तो पेन्शन योजनेत येतच नाही. किमान पेन्शनची मागणी मोठी आहे म्हणून तिच्यावर बोललं जातं. पण पुढच्या पिढीच्या पेन्शनचं नुकसान या गोठलेल्या मर्यादेने जास्त होतं आहे.

किमान पेन्शन वाढवा, असं सभागृहात विचारलं की मंत्र्यांचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. ईपीएस ही ठरलेलं अंशदान (वर्गणी) आणि ठरलेला लाभ असलेली योजना आहे. निधी मालकाच्या ८.३३ टक्क्यांतून आणि सरकारच्या १.१६ टक्क्यांतून उभा राहतो. ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे. आणि शेवटी एक वाक्य: तरीही सरकार अर्थसंकल्पातून वेगळा आधार देऊन किमान १,००० रुपये देत आहे. लोक पहिली तीन वाक्यं ऐकून निराश होतात. मी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतो. निधीत नसलेला पैसा तिजोरीतून देता येतो, हे त्यात सरकारनेच मान्य केलेलं आहे. म्हणजे हा प्रश्न फंडाच्या तुटीपाशी संपत नाही. कामगार मंत्रालयाच्या अनुदान मागणीत (खात्याने अर्थसंकल्पात मागितलेल्या खर्चात) किती रक्कम ठेवायची, इथवर तो जातो. म्हणून तो मांडायची खरी जागा अर्थसंकल्पी अधिवेशन आणि कामगार खात्याचं काम तपासणारी खासदारांची स्थायी समिती. शून्य प्रहर नाही.

व्हिडिओ बहुतेक शून्य प्रहराचे असतात. तिथे खासदार दोन-तीन मिनिटं बोलतात, मंत्र्यावर उत्तर द्यायचं बंधन नसतं. नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाला मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं, ते थोडं बरं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न वीसच, त्यातही जेमतेम पाच-सहा पुकारले जातात. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत, त्यांची उत्तरं लेखी. व्हिडिओ नाही, टाळ्या नाहीत. पण कामगारांच्या उपयोगाचा जवळपास सगळा मजकूर मला तिथेच मिळाला आहे.

या उत्तरांतलं एक वाक्य लक्षात ठेवा: 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभापटलावर ठेवण्यात येईल.' वाचणाऱ्याला वाटतं, टोलवलं. प्रत्यक्षात संसदेच्या पद्धतीत हे आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि झालं नाही तर शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला बोलावून विचारते. 'विचाराधीन आहे' हेसुद्धा त्याच यादीत येतं. खासदारांच्या कार्यालयाला या आश्वासनाची आठवण करून देणं हे आपलं काम. ते सहसा कुणी करत नाही.

तुम्ही पाठवलेला मसुदा मी वाचला: 'ईपीएस पेन्शनरांची हलाखी सरकारला माहीत आहे का आणि सरकार त्यावर काय उपाय करणार आहे?' कळकळ खरी आहे, पण याला वर दिलेलं साचेबंद उत्तरच मिळेल. त्याऐवजी असं विचारा: महाराष्ट्रात ईपीएस-९५ खाली दरमहा १,००० पर्यंत, १,००१ ते १,५०० आणि १,५०१ ते २,००० रुपये पेन्शन घेणारे प्रत्येकी किती जण आहेत, २०१४-१५ पासून किमान पेन्शनसाठी अर्थसंकल्पातून वर्षनिहाय किती रक्कम दिली, आणि किमान पेन्शन ३,००० केली तर वर्षाला किती जादा खर्च येईल, याचा अंदाज सरकारने केला आहे का, केला असल्यास तपशील काय. दीडशे शब्दांच्या मर्यादेत हे बसतं. यात एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक भागाला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. १,००१ ते १,५०० हा गट मी मुद्दाम टाकला आहे. वडिलांसारखे, २०१४ च्या निर्णयाने ज्यांना काहीच दिलं नाही ते लोक त्या गटात आहेत. देशात ईपीएसचे पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर आहेत, पण या मधल्या गटाबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

३,००० हा आकडा हवेतला नाही. ईपीएसमध्ये सुधारणा करा अशी याचिका राज्यसभेकडे गेली होती. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या याचिका समितीने २०१३ च्या अहवालात किमान पेन्शन ३,००० करावी, असं सुचवलं. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. सरकारने समितीचं पूर्ण ऐकलं नाही, १,००० वर थांबलं. तरी आज पेन्शनरांच्या आंदोलनात, कोर्टात, प्रश्नोत्तरांत संसदेच्याच समितीचा लेखी आधार देता येतो, तो त्या याचिकेमुळे. नागरिकांच्या याचिकेतून हे झालं, म्हणून पत्र लिहून काही होतं का याला मी हो म्हणतो.

रोजगाराबद्दल तुम्ही ओघात विचारलं आहे, तर तिथेही आकडे तपासूनच ऐका. सत्ताधारी बाजू बहुधा ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ चालवणाऱ्या सरकारी संघटनेच्या, नव्या सभासदांचा आकडा देते. समजा एका वर्कशॉपमध्ये १९ जण आहेत. विसावा आला की पीएफ कायदा लागू होतो, आणि आधीपासून काम करणारे १९ जणही फंडात येतात. कागदावर वीस नवे सभासद, प्रत्यक्षात नोकरी एक. त्या एकोणीस जणांना फंड मिळाला हे फार चांगलं झालं, पण त्याला रोजगारनिर्मिती म्हणता येत नाही. दुसरा आकडा सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातल्या बेरोजगारीच्या दराचा: २०१७-१८ ला ६.१ टक्के, २०२३-२४ ला ३.२ टक्के. सर्वेक्षण खोटं नाही. मात्र घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी हातभार लावणारी व्यक्तीही त्यात रोजगार असलेली धरली जाते. विरोधी बाजू हा दरच नाकारते, तेही बरोबर नाही. खासदारांनी विचारायला हवं ते हे: काम मिळालेल्यांपैकी नियमित पगारावर किती, आणि त्यातल्या किती जणांना लेखी करार, पगारी रजा आणि फंड आहे? हे तपशील त्याच सर्वेक्षणात असतात.

कधी कधी तर चर्चाच होत नाही, आणि त्याची किंमत मोठी असते. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तीन श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लोकसभेने २२ सप्टेंबर २०२० ला आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी मंजूर केल्या. विरोधकांचा बहिष्कार होता. त्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासही नव्हता. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले, या लेखी प्रश्नावर अशी माहिती ठेवलेली नाही असं उत्तर आलं, तेही याच अधिवेशनात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तीन आणि २०१९ ची वेतन संहिता अशा चारही संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षात ग्रॅच्युइटी आहे, भत्ते निम्म्याहून जास्त दाखवून वेतन कमी ठेवायच्या पळवाटेला आळा आहे. या गोष्टी मला पटतात. पण कोट्यवधी कामगारांचे कायदे विरोधी बाकं रिकामी असताना मंजूर होणं मला आजही बोचतं. सरकारने घाई केली आणि विरोधक त्या दिवशी तिथे नव्हते, दोष दोघांचाही.

याउलट आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते बघा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. पण ती टिकली ती मागे पैसा उभा केला म्हणून: १९७५ पासून व्यवसाय कर बसला. पगारदाराच्या पावतीवर दिसणारी ती कपात याच हमीसाठी सुरू झाली. माथाडी कायदाही तसाच, १९६९ चा. ज्याला एक मालक नाही अशा हमालाचा फंड कसा कापायचा, याचं उत्तर मजुरीवर लेव्ही (काम देणाऱ्याकडून घेतलेली जादा रक्कम) आणि मंडळाकडे जमा, असं सरळ काढलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला, तेव्हा बातम्यांत गाजलं ते गांधीजींचं नाव वगळणं. तो प्रश्न भावनेचा आहे आणि मला तो खरा वाटतो. पण मजुराच्या दृष्टीने १०० चे १२५ दिवस होत असताना बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला, हे जास्त महत्त्वाचं. पूर्वी अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर होता. राज्याने तरतूद केली नाही तर वाढीव पंचवीस दिवस कागदावर राहतील. हे आता मुंबईत आणि नागपुरात, विधिमंडळाच्या अधिवेशनात विचारावं लागेल.

पत्राचं सांगतो. प्रश्नाची नोटीस पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि पुढे सोडतीत नंबर लागावा लागतो, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच पत्र द्या. चालू अधिवेशनात दिलेलं पत्र बहुधा वाया जातं. पत्र मराठीत लिहा, पण प्रश्नाचा मसुदा हिंदीत किंवा इंग्रजीत वेगळ्या कागदावर जोडा, कारण नोटीस त्या भाषांत जाते. एकट्या माणसाच्या प्रकरणावर प्रश्न सहसा स्वीकारत नाहीत, म्हणून वडिलांचं नाव आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर प्रश्नात नको. ते सोबतच्या पत्रात असू द्या. गिरणीतल्या आणखी दहा-वीस पेन्शनरांच्या सह्या घेतल्या तर उत्तम. तेच पत्र राज्यातल्या एखाद्या राज्यसभा सदस्यालाही द्या, आणि कामगार खात्याच्या स्थायी समितीवर महाराष्ट्राचे कोण आहेत ते संसदेच्या संकेतस्थळावर बघून त्यांनाही. उत्तर आलं की त्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि आधीच्या वर्षांच्या उत्तरांशी ताडून बघा. आकडा कुठे बदलला, कुठे गाळला, ते दिसेल, आणि पुढचा प्रश्न तिथूनच निघेल.

हे सगळं व्हायला वर्षं लागतात. तोवर एक काम या आठवड्यात करून घ्या. वडिलांचा पीपीओ काढा आणि त्यावर आईंचं नाव व जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच आहे का ते बघा. गिरणीच्या ऑफिसने त्या काळी हाताने भरलेल्या फॉर्ममध्ये माहेरचं नाव किंवा घरातलं नाव पडलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. दुरुस्तीचा अर्ज वडिलांच्या सहीने आत्ता सहज होतो. त्यांच्या मागे तोच अर्ज आईंना एकटीने करावा लागला, तर विधवा पेन्शन सुरू व्हायला महिनोन्‌महिने जातात.